हिकरी, धामण आणि चाकणचा पावसाळा

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात लाकूड कच्चा माल म्हणून क्वचितच येते. ते येते यंत्रे आणि सुट्या भागांची खोकी व पॅलेट होऊन, आणि माल उतरला की त्याला भंगाराचा भाव लागतो. ज्या मोटारीवर हा पट्टा उभा आहे, तिच्या बालपणी मात्र लाकडाला मानाचे स्थान होते. १९०८ साली बाजारात आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीच्या चाकांचे आरे हिकरी या अमेरिकी वृक्षाच्या लाकडाचे असत, कारण खाचखळग्यांचे धक्के खाऊनही न तडकणारे, वाकून पुन्हा सरळ होणारे आणि तरीही पुरेसे ताठ असे लाकूड त्या देशात दुसरे सहज मिळत नव्हते. याच गुणांमुळे हातोड्या-कुऱ्हाडींचे दांडे हिकरीचे झाले, पोलादी दांड्यांना १९२०च्या दशकात मान्यता मिळेपर्यंत गोल्फच्या काठ्याही हिकरीच्याच राहिल्या, आणि ड्रम वाजवण्याच्या काठ्या तर आजही बहुतांशी तिच्याच असतात. लाकडी धनुष्य करणाऱ्यांनाही हिकरीचे आकर्षण आहे ते याच कारणाने. परंतु ‘हिकरी’ हे एका झाडाचे नाव नसून एका मोठ्या कुटुंबाचे नाव आहे, आणि त्या कुटुंबातले कोणते लाकूड धनुष्याला चालते, ते पुणे जिल्ह्याच्या हवेत कसे वागते आणि त्याच्या तोडीचे काही सह्याद्रीत मिळते का, या तीन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत.

धनुष्य ही मुळात दोन भुजांची एक लांब स्प्रिंग असते. दोरी मागे ओढताना हाताने केलेले काम वाकलेल्या लाकडात साठते आणि दोरी सुटताच त्यातला मोठा हिस्सा बाणाला मिळतो. मालमोटारीचे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, ज्या तत्त्वावर चालतात तेच हे तत्त्व आहे, आणि धातूंच्या सहवासात वाढलेल्या या परिसराला आश्चर्य वाटेल, पण एक किलो वजनामागे ऊर्जा साठवण्यात चांगले लाकूड स्प्रिंगच्या पोलादाला हार जात नाही. फरक आहे तो वेगळ्याच ठिकाणी. पोलाद ताणले काय आणि दाबले काय, जवळपास सारखेच वागते. लाकूड तसे वागत नाही. धनुष्याच्या लक्ष्याकडच्या बाजूला पाठ आणि धनुर्धराकडच्या बाजूला पोट म्हणतात. भुजा वाकते तेव्हा पाठीवरचे तंतू ताणले जातात, पोटावरचे दाबले जातात, आणि बहुतेक लाकडांत दाब सोसण्याची शक्ती ताण सोसण्याच्या शक्तीपेक्षा बरीच कमी असते. म्हणून धनुष्य पाठीवर तडकले तर ते एका क्षणात संपते, आणि पोटावर हरले तर हळूहळू, दर वापरागणिक थोडे थोडे, कायमचे वाकडे होत जाते.

हा ताण किती असतो याचा हिशेब शाळेतल्या भूमितीने करता येतो. भुजेची जाडी १४ मिलिमीटर असेल आणि ती ९० सेंटिमीटर त्रिज्येच्या कमानीत वाकवली, तर पाठीवरचे तंतू सुमारे ०.८ टक्का लांबतात आणि पोटावरचे साधारण तेवढेच आखडतात. आकडा किरकोळ दिसतो, पण बहुतेक लाकडांची सहनशक्ती एका टक्क्याच्या आसपासच संपते, तेव्हा चांगले धनुष्य नेहमी तुटण्याच्या सीमेजवळच काम करत असते. जाडीचे महत्त्व याहून मोठे आहे, कारण भुजेचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, तर रुंदीच्या तो फक्त सरळ प्रमाणात बदलतो. १४ मिलिमीटर जाडीतून १.४ मिलिमीटर, म्हणजे दहा टक्के, काढले की ताठरपणा २७ टक्क्यांनी घटतो. म्हणूनच धनुष्य घडवण्याच्या शेवटच्या टप्प्यात रंधा बाजूला ठेवून कानस हातात घेतली जाते. भुजा थोडी घासायची, दोरी थोडीच ओढायची, वरच्या आणि खालच्या भुजेचा बाक सारखा आला आहे का ते भिंतीवर आखलेल्या रेषांशी ताडून पाहायचे आणि पुन्हा घासायचे, असा हा क्रम तासन् तास चालतो. व्हर्नियर हाताळण्याची सवय असलेल्या कामगाराला हे काम इतरांपेक्षा लवकर जमण्याजोगे आहे.

आता हिकरीच्या कुटुंबाकडे. वनस्पतिशास्त्रात तिच्या प्रजातीला कॅरिया म्हणतात आणि तिचे कूळ अक्रोडाचे आहे. जगभरात या प्रजातीतल्या जाती दीड डझनाच्या आसपास असून त्यातल्या बहुतेक उत्तर अमेरिकेत व थोड्या चीन-व्हिएतनामच्या बाजूला वाढतात. लाकूडबाजार अमेरिकी जातींचे दोन गट करतो. पहिला गट ‘खऱ्या हिकरी’चा, आणि त्यात शॅगबार्क, शेलबार्क, पिगनट व मॉकरनट या चार जाती येतात; दुसरा गट ‘पेकान हिकरी’चा, आणि त्यात सुक्यामेव्याच्या दुकानात मिळणारे पेकान ज्याला लागते ते झाड, शिवाय बिटरनट, वॉटर हिकरी आणि नटमेग हिकरी येतात. अमेरिकेच्या वनखात्याच्या प्रयोगशाळेने मोजलेल्या आकड्यांवरून दोन्ही गटांतले अंतर स्पष्ट होते. लाकडात १२ टक्के ओलावा असताना पिगनट आणि शॅगबार्क वाकवून मोडण्यासाठी सुमारे १३९ मेगापास्कल एवढा जोर लागतो. एक मेगापास्कल म्हणजे चौरस सेंटिमीटरवर साधारण दहा किलोंचा भार. मॉकरनटचा आकडा १३२, शेलबार्कचा १२५. याउलट पेकान ९४ मेगापास्कललाच मोडते, आणि बिटरनट ११८ला. ताठरपणातही हीच उतरंड दिसते: पिगनटचा १५.६ गिगापास्कल, पेकानचा ११.९.

म्हणजे एकाच नावाखाली विकल्या जाणाऱ्या दोन फळ्यांत दीडपट फरक असू शकतो, आणि गिऱ्हाइकाची अडचण इथूनच सुरू होते. अमेरिकेच्या कठीण लाकडाच्या व्यापारात प्रतवारी करताना हिकरी आणि पेकान एकत्रच धरले जातात. फर्निचर करणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही, धनुष्य करणाऱ्याला मात्र पडतो. चिरलेल्या फळीवरून जात ओळखणे जाणकारालाही अवघड असते, कारण शॅगबार्कची ती प्रसिद्ध सुटी, पट्ट्यापट्ट्यांनी लोंबणारी साल करवतीच्या कारखान्यातच राहिलेली असते. अशा वेळी तराजू उपयोगी पडतो. पिगनटची सापेक्ष घनता ०.७५, शॅगबार्क व मॉकरनटची ०.७२, शेलबार्कची ०.६९, तर पेकान आणि बिटरनटची ०.६६ असते. १८० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद आणि अडीच सेंटिमीटर जाड अशी नीट सुकलेली फळी पिगनटची असेल तर तिचे वजन १ किलो ९०० ग्रॅमच्या आसपास भरेल, पेकानची असेल तर १ किलो ६५० ग्रॅमच्या आसपास. लाकूड ओले असेल तर हा हिशेब फसतो, हे खरे. पण वजनदार फळी निवडावी आणि हलकी परत करावी, हा नियम सहसा चुकत नाही.

रंगाबाबत एक जुना गैरसमज आहे. हिकरीच्या सालीलगतचे लाकूड पांढरे आणि गाभ्याचे लाकूड तांबूस तपकिरी असते, आणि दांड्यांच्या बाजारात पांढऱ्याला पूर्वापार जास्त भाव मिळत आला. वास्तविक अमेरिकी वनखात्याच्या चाचण्यांत वजन सारखे असताना तांबडे व पांढरे लाकूड सारखेच बळकट ठरले. पांढऱ्यासाठी जादा पैसे मोजणे म्हणजे निव्वळ दिखाऊपणाची किंमत मोजणे होय.

रंगापेक्षा कितीतरी महत्त्वाची असते ती तंतूंची दिशा. लाकडाचे तंतू फळीच्या लांबीला समांतर न जाता तिरके जाऊन काठाबाहेर पडत असतील, तर ताण तंतूंवर न येता तंतूंच्या सांध्यांवर येतो आणि तिथेच चीर जाते. हा तिरकेपणा २० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर असेल तर लाकडाची वाकण्यातली ताकद ९३ टक्क्यांवर येते, १० सेंटिमीटरला १ असेल तर ८१ टक्क्यांवर, आणि ५ला १ असेल तर जवळपास निम्मी. गाठ असेल तर काही बोलायलाच नको. फळीच्या चारही बाजूंवर पेन्सिलीने तंतूंची रेघ शेवटपर्यंत ओढून पाहणे आणि ती मध्येच काठाबाहेर गेली तर फळी नाकारणे, एवढी तपासणी दुकानातच उभ्या उभ्या करता येते. तंतू सरळ असतील तर हिकरी इतर लाकडांच्या मानाने क्षमाशील असते. ओसेज ऑरेंज या प्रसिद्ध अमेरिकी धनुर्लाकडात पाठीवर टोकापासून टोकापर्यंत एकच वार्षिक वलय अखंड राखावे लागते, एरवी ते पाठीवर उकलते. हिकरीची ताण सोसण्याची शक्ती इतकी दांडगी आहे की साध्या चिरलेल्या फळीचेही धनुष्य टिकते. अमेरिकेत नवशिक्याला पहिले धनुष्य हिकरीचे करायला सांगतात ते यामुळेच.

तिचा दोष मात्र या गुणाच्याच पाठीला पाठ लावून येतो. हिकरीची पाठ जितकी चिवट, तितके तिचे पोट चिवट नाही. शॅगबार्कची तंतूंच्या दिशेने दाब सोसण्याची शक्ती सुमारे ६३ मेगापास्कल आहे, म्हणजे वाकवून मोडण्याच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी. त्यात ओलावा शिरला की पोट आधी हरते, आणि हिकरी हवेतला ओलावा हावरेपणाने घेणारे लाकूड आहे. ओल्या अवस्थेतून पूर्ण सुकेपर्यंत शॅगबार्कचे आकारमान सुमारे १६.७ टक्क्यांनी आक्रसते, सागाचे अवघे ७ टक्क्यांच्या आसपास. महाराष्ट्राच्या सुताराला सागाची सवय असल्यामुळे हिकरीचे हे वागणे त्याला खटकणारच.

चाकण, भोसरी, निगडी या भागांतली हवा वर्षभरात दोन टोके गाठते. मार्च-एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली जाते. जुलै-ऑगस्टमध्ये ती दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते. लाकूड जिथे ठेवले तिथल्या हवेशी आपला ओलावा जुळवून घेते, आणि त्याला समतोल ओलावा म्हणतात. साधारण २७ अंश तापमानात ३० टक्के आर्द्रतेला हा समतोल ६ टक्क्यांच्या जवळ असतो, ८० टक्के आर्द्रतेला १६च्या जवळ. दहा टक्क्यांच्या या फरकाचे परिणाम तिहेरी होतात. पहिला आकाराचा: वलयांना स्पर्श करून चिरलेली, म्हणजे फ्लॅट-सॉन, ५० मिलिमीटर रुंद हिकरीची पट्टी पावणेदोन मिलिमीटरने फुगू शकते. दुसरा ताठरपणाचा: ओलाव्याच्या दर टक्क्यामागे ताठरपणा साधारण दोन टक्क्यांनी घटतो, म्हणजे एप्रिलात २० किलोंची ओढ असलेले धनुष्य श्रावणात साडेसोळाच्या घरात येते. तिसरा आणि खरा घातक परिणाम दाब सोसण्याच्या शक्तीवर होतो, कारण ती दर टक्क्यामागे सुमारे पाच टक्क्यांनी खाली येते आणि दहा टक्क्यांत तिचा चाळीस टक्के भाग गेलेला असतो. अशा अवस्थेत धनुष्य पूर्ण ओढले तर ते मोडत नाही, तर कायमचे वाकून बसते, आणि हिवाळ्यात सुकले तरी तो बाक जात नाही. वॉर्निश किंवा पॉलिश यांनी ओलावा आत जाण्याचा वेग कमी होतो. तो थांबत नाही, आणि चार महिने सलग दमट हवा असली की वेग कमी असून उपयोग नसतो.

भारतीय उपखंडातल्या धनुष्यकारांना या प्रश्नाशी फार जुन्या काळापासून झगडावे लागले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशा चार द्रव्यांची धनुष्ये सांगितली असून दोऱ्यांसाठी रुई, ताग, बांबू आणि स्नायू यांसारख्या पदार्थांची यादी दिली आहे. मध्य आशियातून आलेली आणि मुघल सैन्याने वापरलेली संमिश्र कमान लाकडाच्या गाभ्यावर पोटाला शिंग आणि पाठीला स्नायूंचा थर चिकटवून केलेली असे. शिंग दाब सोसते, स्नायू ताण सोसतो, पण दोघांना बांधणारा प्राणिज सरस पावसाळ्यात सुटतो. भारतात सतराव्या-अठराव्या शतकांत संपूर्ण पोलादाच्या कमानीही घडवल्या गेल्या. त्या जड असत आणि बाण कमी वेगाने फेकत, पण शस्त्रागारात वर्षानुवर्षे पडून राहिल्या तरी हवेने बिघडत नसत. १६६० साली शायिस्ताखानाच्या फौजेने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळा यांनी तो जवळजवळ दोन महिने लढवला, तो काळ ऐन पावसाळ्याचा होता. ती लढाई मुख्यतः तोफांची आणि सुरुंगाची झाली, हे नोंदवायला हवे. तरी आजचे चाकणकर आषाढात ज्या हवेत कामावर जातात तीच हवा दोन्ही बाजूंच्या सरस-स्नायूंच्या कमानींना तेव्हा सोसावी लागली असणार.

हिकरीच्या दोषावरचा पहिला उपाय अमेरिकेतला, आणि त्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात भौतिकशास्त्रज्ञ व अभियंत्यांकडे जाते. क्लॅरेन्स हिकमन, पॉल क्लॉपस्टेग आणि फॉरेस्ट नॅगलर यांनी १९३०च्या दशकात धनुष्याचा अभ्यास स्प्रिंगसारखा केला. इंग्रजी लाँगबो अरुंद आणि जाड असतो व त्याच्या पोटाची गोलाई ताण एका चिंचोळ्या रेषेवर आणते, हे ओळखून त्यांनी आयताकृती छेदाची, रुंद आणि पातळ भुजांची रचना पुढे आणली. हिकरीसाठी ही रचना वरदान ठरते: भुजा मुठीलगत ४५ ते ५० मिलिमीटर रुंद ठेवावी, धनुष्याची एकूण लांबी धनुर्धराच्या उंचीइतकी किंवा थोडी अधिक घ्यावी, आणि पोट सपाट ठेवावे, म्हणजे दाब रुंद पृष्ठावर वाटला जातो. दुसरा उपाय म्हणजे घडण पूर्ण होत आल्यावर पोटाची बाजू हीटगनने हलकी तपकिरी होईपर्यंत भाजणे. त्याने लाकडातले पाणी धरणारे काही घटक विघटित होतात, पोट कठीण होते आणि ओलावा कमी घेते. पाठ मात्र भाजायची नसते, कारण भाजलेले लाकूड ताणाला ठिसूळ होते. तिसरा उपाय त्याहूनही जुना आहे आणि एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज कारागिरांनी तो मुबलक वापरला: पोटाला दाब सोसणारे दुसरे लाकूड, पाठीला हिकरीची अवघी तीन-चार मिलिमीटरची पट्टी, आणि मध्ये सरस. हिकरीचा उत्तम गुण वापरायचा आणि तिच्या दोषाला कामच द्यायचे नाही, असा हा व्यवहारी तोडगा आहे.

सह्याद्रीच्या पानझडी जंगलात मात्र हिकरीच्या स्वभावाचे एक झाड पूर्वीपासून उभे आहे, आणि त्याचे नाव धामण. फालसा ज्या प्रजातीतला, त्याच ग्रेविया प्रजातीतले हे मध्यम उंचीचे झाड असून ग्रेविया टिलिफोलिया हे त्याचे शास्त्रीय नाव आहे. निघंटूंत त्याला धनुर्वृक्ष असेही म्हटलेले आढळते. त्याचे लाकूड जड, सरळ तंतूंचे आणि विलक्षण लवचीक असते. कावडीचा दांडा, गाडीची धुरी, वल्हे, कुऱ्हाडीचा दांडा अशा, म्हणजे जिथे भार घेऊन वाकायचे आणि पुन्हा सरळ व्हायचे अशा, कामांना ते वापरले जात आले. कावडीचा दांडा दोन्ही टोकांना भार घेऊन दर पावलाला वरखाली होतो आणि वर्षानुवर्षे न तुटता तेच करत राहतो. धनुष्याच्या भुजेकडून यापेक्षा वेगळे काही मागितले जात नाही. धावडा आणि बाभूळ यांचे दांडेही महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत उत्तम समजले जातात, पण ती लाकडे धक्का सोसण्यात श्रेष्ठ. वाकून परत येण्यात धामणाची बरोबरी त्यांना साधत नाही. धामणाचा एक फायदा असा की ते इथेच वाढते आणि याच हवेत सुकवले जाते. हिकरीइतके ते फुगत-आक्रसत नाही. अडचण पुरवठ्याची आहे. लाकडाच्या वखारींत साग, शिसम आणि आयात पाइन सहज मिळते, धामण मागून मिळत नाही, आणि जंगलातले झाड परवानगीवाचून तोडणे हा गुन्हा आहे. मिळालेच तर ते खासगी मालकीच्या झाडाच्या रीतसर तोडीतून.

आदिवासी धनुष्यकारांनी हा पुरवठ्याचा प्रश्न बांबूने सोडवला आणि अगदी योग्य रीतीने सोडवला. खानदेशातले भिल्ल आपला तीरकामठा बांबूचा करतात, आणि पूर्वी त्याची दोरीही बांबूच्याच सालीची चिवट पट्टी काढून केलेली असे. एका बेटातून धनुष्य, दोरी आणि बाणाची काडी अशा तिन्ही गरजा भागत. बांबूच्या भिंतीत तंतूंचे जुडगे बाहेरच्या सालीकडे दाट आणि आतल्या बाजूला विरळ असतात, त्यामुळे सालीकडची बाजू ताण सोसण्यात बहुतेक लाकडांना मागे टाकते. महाराष्ट्रात मिळणाऱ्या जातींत धनुष्याला सर्वांत उपयुक्त म्हणजे मानवेल, कारण त्याची भिंत जाड असते आणि कोरड्या टेकाडांवर वाढलेली काठी तर जवळजवळ भरीव निघते. कोकणातला माणगाही सरळ, काटे नसलेला आणि जाड भिंतीचा असतो. काटेरी कटांग आकाराने मोठा आणि पोकळ असतो. त्याच्या पट्ट्या काढून त्या लाकडावर पाठीसारख्या चिकटवण्यास तो बरा. तीन वर्षांहून कमी वयाची काठी घेऊ नये, पावसाळ्यात तोडलेली तर मुळीच घेऊ नये, कारण भुगा पाडणारा भुंगा तिला सोडत नाही. तोड हिवाळ्यात करावी व काठी बोरॅक्स-बोरिक अॅसिडच्या पाण्यात मुरवावी. घडवताना पेरे कधीही कापून सपाट करू नये. पेऱ्याशी तंतू वळतात आणि तो वळसा कापला की धनुष्य तिथेच उकलते.

बांबूचे धनुष्य ही केवळ संग्रहालयातली वस्तू नाही. भारतातल्या राष्ट्रीय तिरंदाजी स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ नावाचा प्रकार बांबूच्या किंवा लाकडी धनुष्याने, ३० आणि ५० मीटर अंतरांवर खेळला जातो, आणि आयात साहित्याचा खर्च न परवडणारी अनेक मुले तिथूनच सुरुवात करतात. पुण्यातील आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये तिरंदाजी हा एक प्रमुख खेळ आहे; फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोहोचला, आणि २०२३च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली. त्यांच्या हातातली धनुष्ये काचतंतू, कार्बन आणि ॲल्युमिनियमची असतात, आणि तशी असण्याचे एक कारण हेच की त्यांना पावसाळा कळत नाही. लाकडी धनुष्याने पदके मिळवण्याचे दिवस आंतरराष्ट्रीय मैदानावर संपले आहेत. शिकण्यासाठी, शाळेच्या मैदानासाठी आणि स्वतःच्या हाताने एक नेमकी वस्तू घडवण्यासाठी मात्र त्याला अजून पर्याय नाही.

कारखान्यांच्या आवारात पडलेल्या पॅलेटच्या फळ्यांचा मोह अनेकांना होतो, म्हणून त्यांच्याविषयी दोन शब्द. परदेशातून आलेल्या लाकडी वेष्टनावर गव्हाच्या लोंबीच्या चिन्हाजवळ एचटी अशी अक्षरे असतात, आणि त्याचा अर्थ किडीचा नाश करण्यासाठी लाकडाचा गाभा ५६ अंश तापमानावर निदान ३० मिनिटे ठेवला गेला होता. एवढ्या उष्णतेने लाकूड दुबळे होत नाही. दुबळे ते मुळातच असते: बहुतेक फळ्या पाइन किंवा स्प्रूसच्या, हलक्या, गाठींनी भरलेल्या आणि कसेही चिरलेल्या असतात. एमबी ही अक्षरे असलेली फळी मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने धुरावलेली असते, ती तर घासू नये आणि जाळूही नये. चाकणच्या रस्त्यावरच्या पॅलेटवाल्यांकडे खोक्यांच्या ढिगात एखादी जड, सरळ तंतूंची ओक किंवा हिकरीची फळी निघाली तर तो नशिबाचा भाग. तिच्यावर भिस्त ठेवून काम हाती घेऊ नये.

व्यवहाराने बोलायचे तर पुणे जिल्ह्यात धनुष्य करू पाहणाऱ्याने पहिली पसंती मानवेल बांबूला द्यावी. खासगी जमिनीवर लावलेला बांबू २०१७च्या दुरुस्तीने भारतीय वन कायद्याच्या ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेल्यामुळे तो विकत घेणे सोपे झाले आहे. रीतसर मिळाले तर धामण दुसऱ्या क्रमांकावर घ्यावे. हिकरी तिसरी, आणि तीही रुंद-सपाट भुजांची, पोट भाजलेली किंवा पाठीच्या पातळ पट्टीपुरती. जे काही हाती घ्याल ते नोव्हेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत पूर्ण करावे, पावसाळ्यात धनुष्याची दोरी उतरवून ते ऐंशी वॅटच्या बल्बने उबदार ठेवलेल्या लाकडी पेटीत आडवे ठेवावे, आणि ते वापरायचे ते मैदानातल्या पुठ्ठ्याच्या किंवा गवताच्या लक्ष्यावरच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, मग धनुष्य बांबूचे असो वा हिकरीचे.